सुरुंगाची लांबी

"पूछो, सुरंग कितनी लंबी है?" इअरपीसमध्ये भटनागर सर तिसऱ्यांदा ओरडले.

सर, म्हणजे आमच्या चॅनेलचे संपादक, नोएडाच्या स्टुडिओत बसलेले. आम्ही गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याला, एका उकिरड्यावर उभे. उकिरड्यावर अशासाठी, की अख्ख्या वस्तीत चित्र पाठवण्याइतकी रेंज तिथंच होती. लाइव्हला वीस मिनिटं उरलेली. आमच्या रिपोर्टर ऋचा मॅडमनी समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, सुरंग कितनी लंबी है?"

मी मराठीत सांगितलं, "आबा, त्या सुरुंगाची लांबी विचारतायत."

सोपानआबांनी आधी मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आरं, सुरुंगाला कुठं लांबी आसती व्हय? खोली इचार म्हनावं. पाच फूट."

"पाँच फुट," मी म्हणालो.

"सर, पाँच फुट ऊँची है," मॅडमनी कळवलं.

"यानी आदमी झुककर निकल सकता है," सर म्हणाले. "ग्राफिक्स! आदमी को झुकाओ!"

इथं थोडं थांबून सांगायला हवं. मराठीत सुरुंग म्हणजे खडकात भोक पाडून, त्यात दारू भरून उडवतात तो. हिंदीत सुरंग म्हणजे बोगदा. दोन शब्दांत फरक एका उकाराचा. त्या दिवशी आमचं अख्खं चॅनेल त्या उकारावर उभं होतं, आणि हे आमच्या टीममध्ये फक्त मला माहीत होतं.

मग तू आधी का बोलला नाहीस, असं कुणीही विचारेल. नंतर सगळ्यांनी विचारलंच. मी बोललो होतो. तीनदा बोललो होतो. तेच सांगतो.

मी मूळचा वेल्ह्याकडचा. नववीत शाळा सोडली. शिवऱ्याच्या एका ट्रकवाल्याबरोबर दिल्लीकडं गेलो आणि तिकडंच राहिलो. चॅनेलमध्ये लागलो तो तिपाई आणि लाईट उचलायला. एकदा कॅमेरामन आला नाही, तेव्हा भटनागर सरांनी कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "पकड़, हिलना मत." मी हललो नाही. त्याला आता पंधरा वर्षं झाली. माझं सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही, कारण सरांनी कुणाला मागू दिलं नाही. आमच्या न्यूजरूममध्ये सगळे दोन-दोन डिग्र्यांचे. मला अजून एचआरचा मेल आला की वाटतं, सापडलो. हे सांगायचं कारण एवढंच, की त्या माणसाला "सर, तुमचं चुकतंय" म्हणायला माझी जीभ सहज उचलत नाही.

तर ते वर्ष. वर्ष कसलं, रोजची आग होती. जगात दोन ठिकाणी युद्ध, आपल्याकडं निवडणुका, सरहद्दीवर तणाव, संसदेत गोंधळ. आमचा तपासाचा कार्यक्रम आधी आठवड्यातून एकदा व्हायचा, तो रोज व्हायला लागला. आणि रोज तपास करण्यासारखं काही सापडत नाही, हे टीव्हीत कुणी मोठ्यानं बोलत नाही.

त्यात युद्धाच्या बातम्यांत सगळीकडं बोगदेच बोगदे. आमच्या ग्राफिक्सवाल्यांनी एक भारी थ्री-डी बोगदा तयार केला. त्यात दिवे लागायचे, माणसं पळायची, वरून माती पडायची. तो तयार होईस्तोवर युद्धाची बातमी दुसरीकडं गेली. बोगदा पडून राहिला. भटनागर सर रोज मीटिंगमध्ये विचारायचे, "अपने देश में कहीं कोई सुरंग है क्या?"

अशात भोरच्या आमच्या स्ट्रिंगरचा मेल आला. स्ट्रिंगर म्हणजे पगारावर नसलेला, गावाकडून बातम्या पुरवणारा पत्रकार. त्यानं पाठवली होती पाण्याची बातमी. धरणात शेतं गेलेल्या लोकांना धरणाच्या काठावर प्यायला पाणी नाही, म्हणून ते खडकात विहीर खोदतायत, अशी. दोन पानी मजकूर मराठीत. तो कुणी वाचला नाही. सोबत एक ऑडिओ होता, तो मात्र सगळ्यांनी ऐकला.

"राम राम. सोपान बोलतूय. गडाच्या अंगाला तीन सुरुंग तयार हाइत. बेस्तरवारी दुपारी उडवायचे. धरनाकडच्या वाटंला कुनाला येऊ देऊ नगा."

ही क्लिप गुप्त होती असं नंतर पडद्यावर लिहून आलं. ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची होती. लोकांनी गुरं लांब बांधावीत म्हणून टाकलेली.

मीटिंगमध्ये ती पाच वेळा वाजली. गड, धरण, तीन सुरंग, कुणाला येऊ देऊ नका. सर उभे राहिले. मग त्यांना मी आठवलो. "अरे, तू तो वहीं का है ना?"

मी दारात उभा होतो. तरी म्हणालो, "सर, हमारे यहाँ सुरुंग होता है, वो..."

"सुना सबने?" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "लोकल आदमी बोल रहा है, हमारे यहाँ सुरंग होती है!"

ही पहिली वेळ.

मी पुढं बोलू शकलो असतो. पण सर म्हणाले, "कैमरा तू ही करेगा, घर का रास्ता जानता है." आईला मी दोन वर्षं बघितलं नव्हतं. वाटलं, तिथं गेल्यावर मॅडम स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि आपोआप कळेल. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यात माझा स्वार्थ होता, हे कबूल करतो.

पुण्याला विमानानं उतरलो आणि गाडी करून हायवेनं निघालो. शिवऱ्याला चहाला थांबलो. ऋचा मॅडम हुशार बाई. वय माझ्यापेक्षा कमी, पण दोन युद्धं कव्हर करून आलेल्या. त्यांची पद्धत अशी, की ठिकाणावर पोचायच्या आधी चार माणसांना विचारायचं. त्यांनी चहावाल्याला विचारलं, "भैया, इधर सुरंग का काम कौन करता है?"

चहावाला म्हणाला, "सुरुंग? हीर खांदायचीय का मॅडम? मंग सोपानआबाशिवाय मानूस न्हाई."

आमच्याकडं विहिरीला हीर म्हणतात. मॅडमचा चहाचा कप हवेत थांबला. "हीरा? हीरा खोदते हैं?"

"व्हय, हीर. लई खांदल्यात आबानं. पन्नास तरी."

मॅडमनी वहीत लिहिलं: हीरा. त्याखाली दोन रेघा मारल्या.

मी घाईघाईनं म्हणालो, "मॅडम, वो हीरा नहीं, कुआँ. हीर मतलब कुआँ."

त्या फोन लावतच होत्या. "सर, हीरे का ऐंगल है. और एंट्री कुएँ से है."

ही दुसरी वेळ.

नसरापूरवरून आत वळलो, तेव्हा इअरपीस खिशात असूनही मला सरांचा आवाज ऐकू येत होता. राजगडाच्या खाली हिऱ्यांची सुरंग. नोएडात थ्री-डी बोगद्याच्या भिंतीत हिरे बसवायला घेतले होते.

वाटेत वीस मिनिटं घरी थांबलो. मॅडमनीच थांबवलं, म्हणाल्या, माँ से मिल लो. आईनं मॅडमना भाकरी वाढली आणि मला विचारलं, "कशाची बातमी रं?"

"सुरुंगाची."

"मंग त्यात बातमी काय?" आई म्हणाली.

मी पंधरा वर्षं न्यूजमध्ये आहे. इतका नेमका प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

गुंजवण्यात पोचलो तर विहिरीवर काम चाललेलं. विहीर तीस फुटांवर गेलेली, खाली काळा खडक. जमीन कुसुमकाकींची. त्या बांधावरून खाली हात करून धरणाचं पाणी दाखवायच्या. "आमचं शेत त्या पान्याच्या खाली हाय. पानी हितनं दिसतंय झकास. हंड्यात काय येत न्हाई." त्यांच्यासकट बारा घरांसाठी ती विहीर होती.

सोपानआबा सत्तरीचे. डाव्या हाताला चारच बोटं. कमरेला शिट्टी, हातात काठीला बांधलेला लाल झेंडा. सुरुंगाचा परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलेला. मी कुणाचा कोण ते सांगितल्यावर त्यांनी पिशवी काढून दाखवली.

"चाळीस वरसं झाली. एक बोट गेलं, पर परवान्याला डाग न्हाई लागू दिला. हा गेला की म्या बी गेलो आन ही हीर बी गेली. ह्या खोऱ्यात दुसरा परवानावाला न्हाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दारू परवान्यावर मोजून येते. आली त्या दिवशी वापरायची, उरलेली गाडी परत नेते. पुढची पाळी दीड महिन्यानं, ती शेवटची, कारण मग पाऊस लागला की विहिरीत काम बंद. एका पाळीत भागत नाही. म्हणजे आज चारला बार उडाले तर विहीर, नाहीतर पुढचं वर्ष.

मी एका कानानं आबांचं ऐकत होतो. दुसऱ्या कानात टॉकबॅकवर वेगळंच चाललं होतं. टॉकबॅक म्हणजे स्टुडिओतून कॅमेरामनच्या कानात येणारा हुकूम, तो प्रेक्षकांना ऐकू जात नाही. मॅडमनी फोनवर केलेलं आबांचं वर्णन ऐकून सर प्रोड्यूसरला सांगत होते, "उस झंडीवाले बूढ़े का क्लोजअप चाहिए. मास्टरमाइंड वही है. लाल गोला तैयार रखो."

मॅडमना विहीर बघून शंका आलीच होती. त्या काठावर वाकून म्हणाल्या, "सर, ये तो कुआँ ही लग रहा है."

"बाहर से कुआँ ही लगेगा ना!" सर म्हणाले. "उन्होंने सुरंग पर बोर्ड लगाया होगा क्या?"

त्यानंतर आम्ही चित्रासाठी रेंज शोधत उकिरड्यावर चढलो. विहिरीपासून तो चांगला दीडशे पावलांवर. कॅमेऱ्यासोबत एक बॅग असते, तिच्यात पाच-सहा सिमकार्डं असतात, त्यांतून चित्र स्टुडिओत जातं. बॅग उकिरड्याच्या टोकावर ठेवली तेव्हा कुठं चित्र गेलं. गेल्या गेल्या सर म्हणाले, "ये जो मिट्टी का ढेर है, सुरंग से निकली है?"

मॅडमनी खाली बघितलं. "नहीं सर. ये... दूसरी चीज़ है."

आबा उकिरड्याखाली उभे होते. तिथंच ती लांबीची विचारपूस झाली, जी सुरुवातीला सांगितली. ती झाल्यावर आबा म्हणाले, "आटपा आता. म्या दारू भरलीया."

मॅडम दचकल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "इन्होंने शराब पी रखी है?"

आणि मी घाबरून तिसऱ्यांदा दुरुस्ती केली. "नहीं मॅडम, शराब नहीं, बारूद. ये वो सुरंग नहीं है. बारूदवाली सुरंग है."

शब्द तोंडातून गेला आणि मला माझी चूक कळली. हिंदीत बारूदी सुरंग म्हणजे जमिनीत पेरलेला लँडमाइन.

मॅडमचा माइक चालू होता. कानात सरांचा आवाज आला, एकदम हळू. "लैंडमाइन?" मग जोरात, "धरण के पास लैंडमाइन! पट्टी चलाओ!"

तेव्हा मला आमच्या धंद्याचा एक नियम कळला. मी जितकं दुरुस्त करत होतो, तितकी बातमी वाढत होती. पहिल्या दुरुस्तीनं बोगदा पक्का झाला, दुसरीनं त्याला विहिरीतून दार फुटलं, तिसरीनं स्फोटकं. चौथी केली असती तर सैन्य आलं असतं. मी ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही.

फक्त आबांचा एक निरोप सांगितला, कारण तो सांगणं भाग होतं. आबा म्हणाले, "बाईला नीट सांग. म्या शिट्टी मारली की कुनी बोलायचं न्हाई. बार मोजायचे आसत्यात. तीन वाजले तर ठीक. दोनच वाजले, तर एक आत जित्ता हाय. मंग त्या हिरीत कुनी उतरायचं न्हाई. तुमच्या बडबडीत माझा एक बार मोजायचा ऱ्हायला, तर उद्या मानूस मरंल."

ह्यात दोन अर्थांचा एकही शब्द नव्हता. मॅडमना पूर्ण कळलं. त्यांनी आबांकडं बघून मान हलवली.

चार वाजले. लाइव्ह सुरू झालं. स्टुडिओत आठ चौकटींत आठ तज्ज्ञ बसलेले. एक निवृत्त फौजी अधिकारी, एक इतिहासाचे अभ्यासक, आणि हिऱ्याचा ऐंगल आल्यामुळं घाईघाईनं बोलावलेले सुरतेचे एक व्यापारी. व्यापारी सारखे विचारत होते, "माल देखा किसी ने?"

तिकडं आबा विहिरीकडं निघाले. बांधावर उभं राहून त्यांनी झेंडा हलवला. कुसुमकाकींनी शेवटची गाय हाकलून लांब, आमच्या उकिरड्याजवळ नेली. आबांनी तोंडाला हात लावून हाळी दिली, "सुरुंग हायेऽऽ! बाजूला व्हाऽऽ!" एकदा, दोनदा, तीनदा.

"सुना? खुद कबूल कर रहा है!" सर म्हणाले. मग टॉकबॅकवर माझं नाव घेऊन, "झूम कर! चेहरे पर! जल्दी!"

माझा अंगठा झूमच्या बटणावर होता. झूम केलं की काय होतं, ते सांगतो. चेहरा मोठा होतो आणि बाकी सगळं फ्रेमबाहेर जातं. लाल झेंडा जातो, रिकामं केलेलं रान जातं, लांब उभी माणसं जातात. उरतो एक चार बोटांचा, दाढी वाढलेला म्हातारा आणि खाली पट्टीत लँडमाइन. मग तो परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत असो की सोन्याच्या डबीत, संध्याकाळपर्यंत राहणार नाही.

"झूम कर रे!"

ज्यानं मला कॅमेरा दिला, तोच माणूस सांगत होता. मी अंगठा उचलला. फ्रेम वाइड होती ती वाइडच ठेवली. झेंडा, विहीर, बांध, रान, माणसं, मागं गड. सगळं आत.

स्टुडिओत कुणालातरी वाटलं, मी झूम करतोच आहे. त्यानं लाल गोल पडद्यावर टाकला. गोल फ्रेमच्या मधोमध आला. तिथं बाभळीखाली, नेमापेक्षाही लांब, कुणाची तरी म्हैस बांधलेली होती.

हे मला टॉकबॅकवरून कळलं. "सर, भैंस है!"

"कौन भैंस है?"

"मास्टरमाइंड, सर!"

तेवढ्यात आबांची शिट्टी वाजली आणि रान गप्प झालं. पाखरं होती तेवढीच. मॅडम कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या. अँकरनं विचारलं, "ऋचा, इस वक़्त वहाँ क्या माहौल है?" मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. राष्ट्रीय वाहिनीवर, लाइव्ह. अँकर गप्प झाला. आठ तज्ज्ञ गप्प झाले. सर ओरडत होते, "बोलो ऋचा! डेड एअर जा रहा है!" डेड एअर म्हणजे टीव्हीवर कुणीच न बोलणं, आमच्यात त्याच्याइतकं मोठं पाप नाही. मॅडम बोलल्या नाहीत. त्या वर्षात आमच्या चॅनेलवर सलग एवढा वेळ कुणीही खोटं बोललं नाही असं ते एकच मिनिट.

धड्. विहिरीतून धूळ वर आली.

धड्. दगडांचा आवाज.

मग काहीच नाही. मी मनात दोन म्हणून थांबलो होतो. कुसुमकाकींनी पदर तोंडाशी धरला. मॅडमचं बोट ओठांवर तसंच.

धड्.

बऱ्याच वेळानं, धूळ बसल्यावर, आबा पुढं होऊन विहिरीत डोकावले. मग आमच्याकडं वळून त्यांनी तीन बोटं वर केली.

"तीन उँगलियाँ!" फौजी अधिकारी म्हणाले. "ये किसको इशारा है?"

मॅडमनी माइक कुसुमकाकींसमोर धरला. "काकी, ये क्या था?"

काकींना हिंदी बाजारापुरती येते. त्या म्हणाल्या, "पीने का पानी का गड्डा है बाई. फत्तर फोडा. उधर धरन में हमारा खेत गया, इधर हमको पानी नहीं. और क्या?"

मॅडमनी कॅमेऱ्यात बघितलं. "सर, सुरंग नहीं है. हीरा नहीं है. माइन नहीं है. कुआँ खोद रहे हैं. बाँध के बगल में बारह घरों के पास पानी नहीं है. ख़बर ये है."

मग सुरतेचे व्यापारी म्हणाले, "तो मैं जाऊँ?" आणि केसांच्या तेलाची जाहिरात लागली.

पट्टी लगेच काढली नाही. तिच्यापुढं फक्त प्रश्नचिन्ह टाकलं. "राजगढ़ के नीचे सुरंग?" आमच्या धंद्यात माफी मागायची ही एवढीच पद्धत आहे.

पण पट्टी ज्यांनी पाहायची त्यांनी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी वस्तीवर आली. आम्ही जायच्या तयारीत होतो. साहेब उतरले आणि त्यांनी थेट आबांचा परवाना मागितला. आबांनी पिशवी काढली.

"टीव्हीवर काय काय दाखवलंय तुम्हाला माहितीय का आबा? मला वरनं फोनवर फोन. झेंडा लावला होता? हाळ्या दिल्या होत्या? रान मोकळं केलं होतं? कुणी तक्रार केली तर मी काय दाखवू? तोवर परवाना माझ्याकडं राहू द्या."

आबांनी एकदा विहिरीकडं बघितलं आणि पिशवी पुढं केली. कुसुमकाकी म्हणाल्या, "साहेब, आता दगड काढायचा हाय. अजून दोन बार लागतील. ह्यो गेला तर आमी काय नखानं खांदू?"

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "दिखा दो."

मी कॅमेरा साहेबांसमोर धरला आणि छोट्या स्क्रीनवर कालचं चित्र लावलं. सलग, न कापलेलं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. झेंडा दिसला. गाय लांब नेलेली दिसली. तीन हाळ्या ऐकू आल्या. शिट्टी, शांतता, तीन बार, थांबून मग डोकावणं. सगळं एका फ्रेममध्ये.

"ही म्हैस कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," काकी म्हणाल्या. "पर ती लांब हाय की."

"लांब आहे," साहेबांनी मान्य केलं. पुन्हा एकदा चित्र बघितलं आणि पिशवी आबांच्या हातात ठेवली. "ठेवा आत. आणि आबा, पुढच्या वेळी ग्रुपवर लिहिताना विहिरीचा सुरुंग असं लिहा."

आबा मला म्हणाले, "तू लांबनंच घेतलंस ते बरं क्येलंस. जवळ आला आसतास तर दगुड लागला आसता." झूमचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

विहिरीला पुढच्या पाळीत, पाऊस लागायच्या आठ दिवस आधी, पाणी लागलं. काकींनी फोनवर कळवलं. गढूळ आहे, पण आहे.

त्याआधी, मी नोएडाला पोचलो तेव्हाच, एचआरचा मेल आलेला होता. शो-कॉज नोटीस. म्हणजे तुमच्यावर कारवाई का करू नये, ते लिहून द्या. दोन प्रश्न होते. एक, आदेश असूनही झूम का केलं नाही? दोन, मास्टरमाइंडच्या जागी म्हैस का दाखवण्यात आली?

उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. हिंदी ऋचा मॅडमनी तपासली, शब्द माझेच ठेवले. पहिल्याला लिहिलं: झूम केलं असतं तर लाल झेंडा फ्रेमबाहेर गेला असता. दुसऱ्याला लिहिलं: म्हैस पहिल्यापासून तिथंच होती.

भटनागर सरांनी त्यावर ‘समज देऊन प्रकरण बंद’ असा शेरा मारून सही केली. मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"तुझे पता था, तो पहले क्यों नहीं बताया?"

"सर, तीन बार बताया था."

"लिखकर दिया था?"

"नहीं सर."

"फिर?" सर म्हणाले आणि फोन उचलला.

तेव्हापासून मी दुरुस्ती तोंडी करत नाही. तोंडी सांगितलेली बातमीत भर घालते. लिहून दिलेली कुणी वाचत नाही, पण निदान फाइलला राहते.